बुडवलेली सावड

संस्थेच्या साहेबाने वाडीवरच्या एका बाईची सावड बुडवली, आणि वर ती फेडली असं चारचौघांत सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्याचं मला अजून इतकं नवल वाटतं की लिहिता लिहिता राग मागे पडेल, आणि तो मागे पडू द्यायची माझी तयारी नाही.

पोलादपूरला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. जुन्या मोटरसायकली घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. सुरुवात केली ती दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या धुण्यापासून. तिथला मिस्त्री कार्बोरेटर उघडायला बसला की आमच्याकडे पाठ करायचा. शिकलो ते त्याच्या खांद्यावरून चोरून पाहत. त्याचा राग मनात होता म्हणून असेल, स्वतःची शेड उभी राहिली तसा मी दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या मुलामुलींचा संध्याकाळचा वर्ग सुरू केला. गाडी कशी उघडायची, कशी जोडायची, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं.

मग शहरातली ती संस्था आली. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तरुणांचे असे वर्ग चालवणारी माणसं त्यांनी शोधली होती. शिवथरच्या खोऱ्यात एक जण पोलीस भरतीची तयारी करून घेत होता, महाडात एक बाई शिवणकाम शिकवत होती, असे आम्ही पाच-सहा जण. संस्था प्रत्येकाला सामान देणार आणि वर्ग कसा चालवावा याचं प्रशिक्षण देणार.

मी साहेबाला म्हणालो, "सामान ठेवा, प्रशिक्षण परत न्या."

साहेब हसला. "दोन्ही एकत्रच आहे हो शेठ."

"मग सामान थोडं जास्त द्या. प्रशिक्षण सोसायचं तर काहीतरी सूट हवी."

सूट मिळाली नाही. प्रशिक्षणाला मी घाबरत होतो ते उगाच नव्हे. पूर्वी एकदा असल्या एका दिवसाला जाऊन आलो होतो. डोळे मिटायला लावले आणि तुम्ही झाड आहात असं समजा म्हणाले. मी झाड झालो तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, तो घेऊन बाहेर पडलो आणि परत आत गेलो नाही.

या खेपेला शिकवायला आल्या त्या मॅडम घाटावरच्या. चाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, आवाज हळू. महाडच्या हॉलमध्ये आम्ही गोल बसलो. त्यांनी फळा मागितला नाही, खेळ घेतला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याचा वर्ग पाहिलाय?"

कुणीच नाही.

"शेठ, तुम्ही दुसऱ्या मिस्त्रीने बांधलेलं इंजिन पाहता ना?"

"ते पाहिल्याशिवाय भाव कसा करणार?"

"शिकवणाऱ्याचं शिकवणं मात्र कुणी पाहत नाही. त्याला स्वतःलाही ते दिसत नाही." मग म्हणाल्या की आपण एकमेकांच्या वर्गाला जायचं. आज सगळे एकाकडे, पुढच्या खेपेला सगळे दुसऱ्याकडे. बसायचं, पाहायचं, आणि जे दिसलं ते त्याला सांगायचं.

 माझ्या मनात आलं, आपल्या दुकानात पाच परक्या माणसांना कोण बसवून घेईल. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "म्हंजी सावड."

ती बोलली ती वाडीवरची बाई. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. घरचं भात, दोन म्हशी, नवरा मुंबईत कामाला. वाडीतली मुलं बारावी झाली की मुंबईला जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत फसतात, हे पाहून तिने वर्ग काढला होता. कामावर जाण्याआधी काय विचारायचं, फोनवर कसं बोलायचं, कशावर सही करायची आणि कशावर नाही.

मॅडमनी विचारलं, "सावड म्हणजे?" आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. लावणीला आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी नाही. जो माझ्या शेतात वाकला त्याच्या शेतात मी वाकायचंच. भरतीवाला म्हणाला, "माणूस तापाने फणफणला तरी त्याचं शेत पडून राहत नाही. बाकीचे जाऊन लावून येतात." वाडीवरची बाई म्हणाली, "माणूस मेला तरी राहत नाय. घरात सुतक असलं तरी बाकीच्यांनी लावायचं. सावड फेडायचीच असते."

मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक. सावडच करू. तसेच नियम."

हे शब्द तिथे बोलले गेले. साहेब दाराशी उभा होता, त्यानेही मान हलवली. हे लक्षात ठेवा.

पहिला दिवस माझा, कारण माझी शेड हायवेवर, यायला सोपी. आणि त्या दिवसाची जी माती झाली ती आमच्याकडचीच माणसं करू शकतात. वर्ग सुरू झाला. मी इंजिन खाली उतरवून दाखवतोय, माझी मुलं भोवती उभी. पाहतो तर वाडीवरच्या बाईने झाडू उचलला आणि शेड झाडायला घेतली. भरतीवाल्याने गाडीचं हँडल धरून ठेवलं. शिवणवाली फडक्याने सुटे भाग पुसून ओळीने मांडायला लागली, तेही उलट्या क्रमाने. मुलं गोंधळली. मी चिडलो, पण पाहुण्यांवर ओरडणार कसा, म्हणून मुलांवर ओरडलो.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी विचारलं, "कुणी काय पाहिलं?" कुणीच काही पाहिलं नव्हतं. शेड मात्र कधी नव्हे इतकी स्वच्छ झाली होती.

"तुम्ही बसला का नाहीत?" मॅडम म्हणाल्या.

वाडीवरची बाई लाजली नाही, उलट तिलाच त्यांचं आश्चर्य वाटलं. "सावडीला जायचं नि हाताची घडी घालून बसायचं? तसं मुकादम बसतो. उद्या मला कोण बोलवील?"

मी तोवर तापलोच होतो. म्हणालो, "मग बसूच नका. पुढच्या खेपेला येताना रंगाचा डबा आणा, शेडला रंगही देऊन टाका."

"देऊ की," ती म्हणाली. "पण रंग तुमचा."

मॅडम हसल्या.  उत्तर बाईनेच काढलं. "मॅडम, हाताला काम द्या. हात गुंतलं म्हंजी डोळं मोकळं राहतील."

माझ्या बायकोने त्या दिवशी बिरड्याचे वाल भिजवून मोड आणून ठेवले होते. ते सोलायचं काम म्हणजे चिमटीत वाल धरायचा, दाबायचा, सालातून दाणा सुटून परातीत पडतो. त्याला नजर लागत नाही, बोटं आपली आपण करतात. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळी शेडच्या मागच्या बाजूला टायर टांगलेल्या घोडीजवळ परात मांडली, भोवती पाहुणे बसले आणि वाल सोलू लागले. मॅडमही बसल्या. त्यांना जमत नव्हतं, दाणा परातीऐवजी भलतीकडे उडायचा.

आणि शेड बदलली. वाल सोलणाऱ्या माणसांना कोण घाबरतो? तपासणीला आलेल्या साहेबासमोर मुलं जशी ताठ होतात तशी ती झाली नाहीत. मला स्वतःला पाहुण्यांचा विसर पडला. वर्ग संपला, सोललेले वाल बायको आत घेऊन गेली, त्याची उसळ झाली, आणि जेवताना बोलणं झालं. पुढे तीच रीत पडली. ज्याचा दिवस त्याचे वाल, आणि बोलायचं ते जेवताना.

मॅडमचा नियम एकच होता. दिसलं तेवढं सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, शाबासकी द्यायची नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे सल्ल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. त्यामुळे पहिल्यांदा सगळे घासामागून घास गिळत राहिले. शेवटी वाडीवरची बाई म्हणाली, "दादा, तुमच्या पोरांचं हात पाठीमागं असतात."

"म्हणजे?"

"तुम्ही पाना उचलला का ती मागं सरतात. नि हात पाठीला. सगळीच. त्या दोन पोरीसुद्धा."

माझं डोकं फिरलं. "मग काय करू? गिऱ्हाइकाची गाडी आहे. त्यांच्या हातात देऊन बसू?"

"मी कुठं बोलले काय करा म्हणून? मॅडम बोलल्या दिसलं ते सांगा. मला हात दिसलं." आणि तिने आणखी उसळ वाढून घेतली.

भरतीवाला खाली मान घालून हसत होता. मी त्याला म्हणालो, "हस बाबा. तुझा दिवसही येणार आहे."

रागात मी तीन-चार दिवस काढले. पण हात पाठीमागे असतात हे एकदा ऐकल्यावर मला दुसरं काही दिसेना. पाना माझ्या हातात, आणि भोवती सगळे हात पाठीला. त्या मिस्त्रीने पाठ केली होती, इथे तोंड मुलांकडे होतं, एवढाच फरक. एका संध्याकाळी मी बायकोकडून वाल मागून घेतले आणि माझ्याच शेडमध्ये, माझ्याच मुलांच्या मागे परात घेऊन बसलो. म्हणालो, "ही गाडी सुरू होत नाही. बघा." आणि तोंड बंद केलं.

गप्प बसणं हा माझा धंदा आहे. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. गिऱ्हाईक घाम पुसतं, पुन्हा गाडीभोवती फेरी मारतं, आणि मी शांत. पण हे हत्यार मी वर्गात कधी काढलं नव्हतं. आता काढलं. पहिले काही क्षण कुणी हललं नाही. मग त्या दोन मुलींपैकी एकीने प्लग काढला. पाहिला, हुंगला, दुसरीकडे दिला. तो हातोहात फिरला. कुणी म्हणालं काळा आहे, कुणी म्हणालं ओला आहे. एक म्हणाला पेट्रोल जास्त येतंय, दुसरा म्हणाला हवा कमी जातेय, आणि दोघं भांडले. एअर फिल्टर उघडला तर त्यात उंदराने केलेलं घर निघालं, चिंध्या आणि गवत. सगळे हसले. त्या हसण्यात कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. साफ केला, जोडला, किक मारली. गाडी सुरू झाली.

मी आयुष्यात किती इंजिनं सुरू केली असतील. त्या संध्याकाळी माझ्या अंगावर काटा आला. मी हात लावला नव्हता. माझ्या शेडमध्ये, माझ्यावाचून, एक गोष्ट घडली होती, आणि मी वालाची सालं हातात घेऊन लहान मुलासारखा पाहत बसलो होतो. कमरेएवढ्या उंचीवर ते सगळे काळे, तेलकट हात. एकाचाही पाठीला नव्हता.

मग एकेकाकडे जाणं झालं. शिवथरकडे भरतीवाल्याच्या मैदानावर आम्ही शेताच्या बांधावर परात घेऊन बसलो. तो शिट्टी वाजवून मुलांना पळवायचा आणि जो पहिला येई त्याच्या पाठीवर थाप मारून लगेच पुढची शिट्टी. जेवताना शिवणवाली म्हणाली, "शेवटचा मुलगा पोचतो तेव्हा तुमची पाठ असते." त्याने हातातला घास ताटात ठेवला. नंतर म्हणाला, "मीच शेवटचा यायचो हो भरतीत."  पुढच्या आठवड्यात मला सांगायला त्याने मुद्दाम फोन केला की आता तो रेषेवरून हलत नाही, शेवटचा येईपर्यंत.

असं प्रत्येकाकडे काहीतरी निघालं, आणि दर वेळी मला तोच धक्का बसला. माणूस इतकी वर्षं एक काम करतो, मन लावून करतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढची गोष्ट त्याला दिसत नाही. ती दिसायला बाजूला बसून वाल सोलणारं माणूस लागतं. मी देवळात जातो, हात जोडतो, पण इतका थक्क कधी झालो नव्हतो.

राहिला वाडीवरच्या बाईचा दिवस. तो शेवटी ठेवा असं तीच म्हणाली होती. पावसात वर जाणं नको. तळीयेला डोंगर खाली आला तेव्हापासून पावसाळ्यात त्या बाजूला कुणी कुणाला हौसेने बोलवत नाही. पाऊस गेल्यावर भातकापणी, मग झोडणी. "सगळं आटपू द्या, मग या निवांत," ती म्हणाली. तोवर ती प्रत्येकाच्या दिवसाला हजर. पहाटे म्हशींची धार काढून, चालत रस्त्याला येऊन, एसटी धरून. एकदाही चुकली नाही.

तिच्याजवळ एक प्रश्न होता, तो ती वर्षभर घेऊन बसली होती. शिवणवालीकडून परतताना एसटीच्या थांब्यावर मला म्हणाली, "दादा, माझ्या वर्गात कोण बोलत नाय. मी विचारते नि भिंत ऐकते. मला वाटतं मी वाडीतलीच, कुणाची काकी, कुणाची वहिनी, म्हणून असंल. का मलाच शिकवता येत नाय? तुम्ही सगळी या नि बघा."

"आणि तसंच निघालं तर? शिकवता येत नाही असं?"

"तर शिमग्याला मुंबईची माणसं येतील तवा त्यांना सांगून वर्ग बंद करीन. पोरांचा वेळ कशाला खाऊ? मी माझ्या म्हशी बघीन." हे तिने भाजी आणायला निघाल्यासारखं सांगितलं. पण एसटी आली तरी ती जागची हलली नाही, मला तिला हाक मारावी लागली.

कापणी संपत आली आणि आमच्या फोनवर साहेबाचा निरोप आला. प्रशिक्षणाचा हा टप्पा यशस्वीपणे पूर्ण झाला आहे, यापुढे प्रशिक्षण फोनवर व्हिडिओने होईल, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. मॅडमचं काम संपलं होतं. त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात दुसरीकडे काम बघावं लागलं. समारोपाला सगळ्यांनी महाडला यावं, असंही निरोपात होतं.

आम्ही गेलो. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, समोर पडदा, शहरातून आलेले पाहुणे. साहेबाने पडद्यावर आमची वालाची परात दाखवली. त्या रीतीला त्याने एक इंग्रजी नाव दिलं होतं, ते मी इथे लिहिणार नाही. सावड हा शब्द त्याने उच्चारला नाही. मग एकेक केंद्र आलं, एकेक फोटो, प्रत्येकाखाली हिरवी खूण. माझं, शिवथरचं, महाडचं. आणि शेवटी वाडीचं. फोटोत वाडीवरची बाई परातीवर वाकलेली. खाली हिरवी खूण.

मी फोटोकडे पाहिलं. जुना माल पाहायची सवय आहे मला. रंग मारलेली गाडी कुठे ठोकलेली आहे ते मी दुरून सांगतो. बाईच्या खांद्यामागे काळा गोल काठ दिसत होता. तो माझ्या टायरचा होता. फोटो माझ्या शेडमधला होता, कडेने कापलेला.

चहाच्या वेळी मी साहेबाला गाठलं. "सर, वाडीला कधी जाऊन आलात?"

"का हो शेठ?"

"फोटोत माझे टायर आहेत."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "अहो, मुदत संपत होती. वर अहवाल द्यायचा होता."

"म्हणजे झालं नाही."

"तसं तत्त्वतः झालंच की. त्या प्रत्येक भेटीला हजर होत्या. त्यांचा सहभाग तर पूर्ण आहे."

इथे माझा आवाज चढला आणि पाहुणे वळून पाहू लागले. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या शेतात वाकून आली म्हणजे तिच्या शेतात लावणी झाली? तुम्ही दाराशी उभे होता, मान हलवली होती."

"शेठ, तुम्ही फार मनाला लावून घेता. व्हिडिओ आहेत ना आता, खूप छान आहेत."

"जीप माझी, वाल माझे, जेवण माझं. एक दिवस मॅडमना पाठवा. फक्त एक दिवस."

"बघतो," साहेब म्हणाला.

बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी स्वतः गिऱ्हाइकांना रोज म्हणतो.

बाई शेजारीच उभी होती, बशी हातात, त्यातलं काही खाल्लेलं नाही. मी तिला म्हणालो, "तुम्ही बोला की. तुमचं आहे हे."

"मी काय बोलू? फोटोत हाय ना मी," ती म्हणाली, आणि बशी टेबलावर ठेवली. "चला दादा. एसटी जाईल."

मी त्या दिवशी तिला एसटीत बसवली आणि बाकीच्यांना गाठलं. भरतीवाला म्हणाला, "यात विचारायचं काय? घरात सुतक असलं तरी सावड फेडतात. इथे तर नुसती मॅडम गेलीय."

शिमग्याच्या आधी, एका रविवारी, आम्ही गेलो. वरंध मागे टाकून जीप जिथवर जाते तिथवर जीप, पुढे पायवाट. वाडी उतारावर, घरं एकमेकांच्या वर पायऱ्यांसारखी, मधे गोठे. बाईने वाल भिजवून ठेवले होते. वर्ग वाडीच्या समाजमंदिरात. मुलं येऊन बसली, आम्ही मागच्या भिंतीशी परात घेतली. मॅडमची जागा रिकामी ठेवली होती, ते कुणी ठरवून केलं नव्हतं.

बाईने शिकवायला सुरुवात केली. चांगलं शिकवत होती. सोपं बोलत होती, मधेच चेष्टा करत होती. मग प्रश्न विचारला, "मुंबईला कामाला लागलात नि मालकानं कबूल केलेलं दिलं नाय, तर काय कराल?"

भिंत. ती म्हणाली होती तशीच. ती थांबली, पुन्हा विचारलं, मग स्वतःच उत्तर सांगायला लागली. मला तिचा चेहरा पाहवेना म्हणून मी मुलांकडे पाहू लागलो.

गाडी घ्यायला सगळं कुटुंब येतं तेव्हा बोलतो एक, पण ठरवतो दुसराच. तो कोण हे कळायला मी भाव सांगतो आणि सगळ्यांचे डोळे कुठे जातात ते पाहतो. तिने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या बोटांत वाल तसाच राहिला. सगळ्या मुलांचे डोळे एकाच जागी गेले होते. मधल्या खांबाशी बसलेल्या एका तरुणाकडे. क्षणभर, आणि परत खाली. तिसऱ्या प्रश्नाला तेच. मुलींचेही. जणू दोरी ओढावी तसे.

जेवताना मी म्हणालो, "ताई, तुम्ही विचारलं की सगळी खांबाकडे बघतात."

ती वाढत होती, तिचा हात थांबला. "खांबाकडं?"

"तिथे एक जण बसलाय."

"तो तर..." ती खालीच बसली. "तो मानाच्या घरचा. गावकीची बैठक तिथंच भरते ना, समाजमंदिरात. त्यांच्या घरानं तोंड उघडल्याबिगर कोण बोलत नाय. माझा सासरा तिथंच खांबाशेजारी..." ती कुणाकडे न पाहता बोलत होती. "पोरं बैठकीला बसल्यागत बसतात गो. घरांच्या ओळीनं. नि मी रोज बघते."

भरतीवाला हळूच म्हणाला, "तो मुलगा अंगठ्याने जमीन उकरत होता. सारखा."

"त्याला येत नसंल," बाई म्हणाली. "त्याला येत नाय म्हणून सगळी गप."

कुणी सल्ला दिला नाही. ती उठली, हात धुतले आणि मुलांना हाक मारली. "चला रे, खळ्यावर चला. आत उकडतंय."

उकडत नव्हतं. खळ्यावर पेंढा पडला होता. झोडणीला तिथे लहानथोर एकत्र राबतात, त्या जागेला ना ओळ, ना खांब, ना मान. मुलं पेंढ्यावर जिथे जागा मिळेल तिथे बसली, मुली मुलांच्या पुढे आल्या, कुणाच्या मांडीवर शेळीचं पिल्लू आलं. बाईने तोच प्रश्न विचारला. आणि या खेपेला ती गप्प राहिली. मी माझ्या गिऱ्हाइकांसमोर राहतो त्याहून लांब.

आधी बोलला तो खांबाशी बसलेला तरुणच. "काकी, मला माहीत नाय. मालकाला मारून येईन बहुतेक."

सगळे हसले. तो सर्वांत मोठ्याने हसला, इतकं ओझं त्याचं उतरलं होतं. "नि जेलात कोण डबा आणील, तुझी आई?" एक मुलगी म्हणाली. मग जे सुरू झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. एकावर एक आवाज. कुणाच्या भावाला कसं फसवलं, कुणाच्या मामाने काय केलं. फोनवर पुरावा ठेवायचा, नाही, आधी काम सोडायचं, नाही, सोडलं की गेलंच. तीच भिंत, आणि तिच्यातून नदी फुटल्यासारखी. समोर सगळा डोंगर, खाली दरी, आणि त्या दरीवर त्यांचे आवाज जात होते. म्हशीसुद्धा माना वर करून पाहत होत्या. मी, भरतीवाला, शिवणवाली, कुणाच्या हातातला वाल हलत नव्हता. बाई मधे उभी, पदर तोंडाशी, आणि ज्याचा आवाज येईल त्याच्याकडे वळत होती, आनंदाने भांबावलेली.

शेवटी ती मुलगी म्हणाली, "एकट्यानं विचारायचं नाय. ज्यांच्यासमोर ठरलं त्यांना घेऊन जायचं, नि सगळ्यांपुढं विचारायचं."

शिमग्याला मुंबईची माणसं आली. वर्ग बंद झाला नाही. आता तो खळ्यावर भरतो.

मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.  मग म्हणाल्या, "शेठ, डोळे कुठे जातात हे तुम्ही पाहिलंत?" आणि थोड्या वेळाने, "मी तिथे असायला हवं होतं." ज्यांनी आम्हाला पाहायला शिकवलं त्यांना हे दिसलं नाही. ते आम्ही फेडू शकत नाही. आम्ही आमची सावड फेडली, संस्थेची बाकी आहे.

तर साहेब, ज्यांच्यासमोर ठरलं ते आम्ही सगळे आहोत. व्हिडिओ नको, प्रमाणपत्र नको. तुम्ही वर या. जीप माझी, वाल बाईचे. खळ्यावर त्या मुलांमधे बसा, आणि तिचा दिवस झाला असं कुणी ठरवलं, माझ्या टायरसमोरच्या फोटोला वाडीचं नाव कुणी दिलं, ते तिच्या तोंडावर सांगा. आम्ही मधे बोलणार नाही. आम्ही वाल सोलत बसू आणि तुमच्याकडे पाहू. उत्तर द्या.